नवा श्येनविनोद

घरबसल्या पक्ष्यांच्या घरट्यात डोकावण्याचा एक नवा छंद हल्ली आपल्या सुशिक्षित कुटुंबांत रुजू लागला आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी कॉलिन्स स्ट्रीटवर ३६७ क्रमांकाची एक उत्तुंग इमारत आहे. तिच्या माथ्याजवळच्या कट्ट्यावर १९९१ पासून बहिरी ससाणे अंडी घालीत आले आहेत, आणि तेथे बसविलेल्या कॅमेऱ्यामुळे त्यांचा सारा संसार जगभर पाहावयास मिळतो. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एका पडद्याभोवती बसतात, एखाद्या पिलाचा घास चुकला म्हणजे हळहळतात, आणि पहिले पिलू उडाले म्हणजे टाळ्या वाजवितात. या कौतुकात वाईट ते काय, असे कोणीही विचारील. आणि त्या कौतुकाशी आमचे भांडणही नाही. आमचे भांडण आहे ते त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या मागणीशी. ‘हे आपल्याकडे का नसावे? ताडोब्याच्या अरण्यात, गडचिरोलीच्या गिधाडांच्या घरट्यांवर असेच कॅमेरे लावा. सारा महाराष्ट्र ती घरटी पाहील. पाहिली म्हणजे प्रेम जडेल, आणि प्रेम जडले म्हणजे रक्षण आपोआप होईल,’ असे म्हणणारे सद्गृहस्थ आज कोणत्याही दिवाणखान्यात भेटतात. पाहणे, प्रेम आणि रक्षण अशा तीन पायऱ्यांच्या या जिन्याची एकही पायरी आम्हांस भक्कम दिसत नाही. ती का दिसत नाही, हे येथे सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम या कॅमेऱ्याच्या पदरात त्याचे माप टाकू. ससाण्याची मादी नराहून मोठी असते. अंडी उबविण्याचा महिन्याहून थोडा अधिक काळ बहुतांशी तीच बसून काढते, आणि नर तिला भक्ष्य आणून पुरवितो. ससाणा काटक्यांचे घरटे बांधीतच नाही. कड्याच्या किंवा इमारतीच्या कट्ट्यावर नुसता एक खळगा उकरून त्यात तो भागवितो. पिले सुमारे सहा आठवड्यांत उडू लागतात. या गोष्टी पूर्वी पुस्तकांत वाचाव्या लागत, त्या आता डोळ्यांना दिसतात. अंथरुणास खिळलेल्या माणसास तो विरंगुळा आहे, आणि शाळकरी मुलास तो एक धडा आहे. हे सारे आम्ही मान्य करतो, आणि एकदा मान्य केल्यावर पुढे जातो.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा एक प्रचंड ग्रंथ रचविला. राजाने आपले मन कशाकशात रमवावे याचे जे अनेक विनोद त्यात वर्णिले आहेत, त्यांत श्येनविनोद हा एक आहे. श्येन म्हणजे ससाणा. ससाणा उडतो, झेपावतो, भक्ष्य पाडतो, आणि ते पाहून राजा संतोष पावतो, हा तो विनोद. सिंहासने गेली, राजे गेले. परंतु तो विनोद मात्र आज प्रत्येक बैठकीत येऊन बसला आहे. फरक एवढाच की जुन्या श्येनविनोदात निदान एका माणसाला तरी ससाण्याचे ज्ञान असणे भाग होते. जो तो पाळी, त्याला पक्ष्याचे खाणे, पिसे झडण्याचा काळ, त्याची दुखणी, त्याची भीती हे सर्व जाणावे लागे; न जाणील तर पक्षी एके दिवशी जो उडे तो परत म्हणून येत नसे. नव्या विनोदात कोणालाच काही जाणावे लागत नाही. पक्षी उडाला तरी कॅमेरा जागेवरच असतो, आणि कंटाळा आला तर बोटाच्या एका स्पर्शाने दुसरे घरटे उघडते.

या अज्ञानाची परीक्षा घ्यावयाची असेल तर फार दूर जावयास नको. आपल्याकडे तुरमती नावाचा एक लहानसा, तांबूस डोक्याचा ससाणा आहे. नर आणि मादी मिळून शिकार करतात, एकाने हुसकावयाचे आणि दुसऱ्याने गाठावयाचे, अशी या जोडीची ख्याती आहे. तोही स्वतः घरटे बांधीत नाही. उंच झाडावरचे कावळ्याचे जुने घरटे तो वापरतो. म्हणजे तुरमतीला घर हवे असेल तर उंच झाड हवे, झाडावर कावळा हवा, आणि कावळ्याने सोडलेले घरटे एक-दोन वर्षे कोणी खाली पाडता कामा नये. मेलबर्नच्या मादीची दिनचर्या ज्या घरांत तोंडपाठ आहे, त्यांतील कितीजणांनी तुरमती हे नाव ऐकले आहे? मारुती चितमपल्ली यांनी आयुष्याची कित्येक वर्षे विदर्भाच्या अरण्यात काढून रानातल्या माणसांच्या तोंडून पक्ष्यांची, झाडांची, श्वापदांची नावे वेचली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २०२५ च्या जून महिन्यात ते निवर्तले, तेव्हा त्यांच्यासाठी हळहळलेल्या महाराष्ट्रात त्या कोशाची पाने उलटणारे किती होते, हा प्रश्न अप्रिय असला तरी विचारलाच पाहिजे. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कॅमेरा जे दाखवितो ते खरे असते, हे निर्विवाद. परंतु तो फक्त घरटे दाखवितो. आणि शिकारी पक्ष्यांवर जे अरिष्ट येते ते बहुधा घरट्याच्या बाहेरून येते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात नॉरफोक येथील वनस्पतिउद्यानात गरुडांच्या एका जोडीच्या घरट्यावर असाच कॅमेरा होता, आणि त्याचे प्रेक्षक असंख्य होते. २०११ च्या एप्रिलमध्ये त्या घरट्यातील मादी जवळच्याच विमानतळावर उतरणाऱ्या विमानाचा धक्का लागून मेली. घरट्यात तीन पिले होती. ती उचलून वन्यपशूंच्या रुग्णालयात न्यावी लागली. घरट्यावर रात्रंदिवस खिळलेल्या डोळ्यांपैकी एकाही डोळ्याला तो मृत्यू दिसला नाही, कारण तो चौकटीबाहेर घडला. विमानतळाशेजारी गरुडाचे घरटे ही त्या गोष्टीतील खरी अडचण होती, आणि नेमकी तीच कॅमेऱ्याच्या दृष्टीच्या पलीकडे होती.

हा एक अपघात झाला, असे म्हणून तो सोडून देता येईल. म्हणून ज्या पक्ष्याचे आज एवढे कौतुक चालले आहे त्या बहिरी ससाण्याचाच इतिहास पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत शेतांवर डीडीटी मुबलक फवारले जाऊ लागले आणि ससाण्यांची घरटी ओस पडू लागली. मादी अंड्यांवर बसे, आणि तिच्याच वजनाने अंडी फुटत. अमेरिकेच्या पूर्व भागात १९६५ च्या सुमारास अंडी घालणारी एकही जोडी उरली नाही. त्या काळी प्रत्येक घरट्यावर कॅमेरा असता तर काय दिसले असते? अंडे फुटताना दिसले असते, मादी गोंधळून उठताना दिसली असती, आणि प्रेक्षक ढसढसा रडले असते. कारण मात्र कोणाला उमगले नसते. ते उमगले इंग्लंडमधील डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाला, आणि तेही घरट्याकडे टक लावून नव्हे. संग्रहालयांत व संग्राहकांच्या खणांत वर्षानुवर्षे पडून असलेली जुनी अंडी त्याने काढली, त्यांची वजने व मापे घेतली, आणि युद्धानंतरच्या अंड्यांची कवचे पूर्वीच्या मानाने पातळ झाली असल्याचे १९६७ साली सप्रमाण दाखविले. १९७२ साली अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली. कॉर्नेल विद्यापीठातील टॉम केड व त्यांचे सहकारी यांनी ससाणे पिंजऱ्यात वाढवून हजारोंनी मोकळे सोडले. तेव्हा कोठे १९९९ साली तेथील सरकारला तो पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून काढता आला. शहरांतील मनोरे ससाण्यांनी पुन्हा वसविले ते या सगळ्यानंतर, आणि त्यांच्याकडे भिंगे वळली ती बहुतांशी त्याच्याही नंतर. आज पडद्यावर जी जोडी दिसते ती एका दीर्घ, कंटाळवाण्या आणि कष्टाच्या लढाईचे फळ आहे. आमच्या मित्रांना फळ हवे आहे; झाड लावण्याची तसदी मात्र नको आहे.

आता आपल्या गिधाडांची हकिकत. भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारांत एक उरले. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांनी वर्षानुवर्षे पायी हिंडून घरटी मोजली होती, म्हणून हा ऱ्हास निदान लक्षात तरी आला. कारण मात्र पुन्हा घरट्यात सापडले नाही. ते सापडले मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडांत. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात शेकडो मृत गिधाडांची शवचिकित्सा केली आणि २००४ साली जाहीर केले की, गुरांच्या दुखण्यावर टोचले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध या पक्ष्यांचा काळ ठरले आहे. औषध टोचलेले जनावर थोड्याच दिवसांत मेले, गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. शंभर मृत जनावरांत एकाहूनही कमी जनावर असे विषारी असले तरी एवढा संहार घडण्यास ते पुरेसे होते, असे गणिताने दाखविले गेले. कारण एका जनावरावर गिधाडांचा सबंध थवा उतरतो.

या संहाराची किंमत केवळ गिधाडांनी दिली नाही. मेलेली जनावरे उघड्यावर सडू लागली, पाणी दूषित झाले, भटकी कुत्री वाढली. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली, असा हिशेब आयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली मांडला आहे. डायक्लोफिनॅकचा गुरांसाठीचा वापर २००६ साली बंद करण्यात आला. परंतु माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या, म्हणून २०१५ साली त्या बाटलीवर तीन मिलिलिटरची मर्यादा घालावी लागली. किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक ही गिधाडांना तशीच घातक असलेली औषधे गुरांसाठी बंद व्हावयास २०२३ साल उजाडले. मेलॉक्सिकॅम हे निर्धोक औषध मात्र २००६ पासूनच ठाऊक होते. म्हणजे गिधाडाचे मरण गोठ्यात आहे, औषधाच्या दुकानात आहे, गुरांच्या डॉक्टरच्या पिशवीत आहे; आणि आम्ही भिंग लावावयाचे म्हणतो ते झाडाच्या शेंड्यावर! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, याहून वेगळे ते काय?

दुसरा आक्षेप प्रेक्षकाच्या स्वभावाविषयी आहे. सतत पाहणाऱ्याला हळूहळू आपण मालक आहो असे वाटू लागते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या निसर्गखात्याने गरुडाच्या घरट्यावर कॅमेरा लावला होता. २०१४ साली त्यातील एक पिलू जायबंदी दिसले. खात्याच्या जाणत्या माणसांनी, निसर्गात हात घालू नये, असे ठरविले. परंतु प्रेक्षकांनी थेट राज्यपालांच्या कचेरीपर्यंत दूरध्वनींचा आणि पत्रांचा भडिमार केला. शेवटी माणसे वर चढली व पिलू खाली आणले. त्याचा पंख मोडलेला होता, जखम चिघळलेली होती, आणि त्याला दयामरण देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. वुड्स होल येथील समुद्रविज्ञान संस्थेच्या आवारात ऑस्प्रे नावाच्या मासेखाऊ शिकारी पक्ष्याच्या घरट्यावर असाच कॅमेरा होता. तेथील मादी आपल्याच पिलांना टोचू लागली, तेव्हा प्रेक्षकांनी त्या पक्षिणीला कुमाता ठरविले आणि संस्थेच्या लोकांवर शिव्याशापांचा वर्षाव केला. पुढे तो कॅमेराच बंद झाला. शिकारी पक्ष्यांत सबळ पिलाने दुबळ्याचा घास हिरावणे हे नित्याचे आहे. दुष्काळी वर्षी एक जगते ते दुसऱ्याच्या मरणावर. ज्याला हे सोसत नाही त्याला पक्षी नको आहे. पिसे लावलेली माणसांची कादंबरी हवी आहे. अशा प्रेक्षकांचे लोंढे आमच्या वनरक्षकाच्या मानगुटीवर बसावेत, आणि कोणते घरटे वाचवावयाचे हे त्यांच्या हुंदक्यांवरून ठरावे, ही कल्पना आम्हांस भयावह वाटते.

तिसरा आक्षेप स्थळाविषयी. मेलबर्नची इमारत आणि गडचिरोलीचे झाड यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. इमारतीस उद्वाहक आहे, वीज आहे, पहारेकरी आहे; आणि शहरात वसलेला ससाणा माणसाच्या वर्दळीस सरावलेला असतो. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडावर घरटे करते आणि विणीच्या हंगामात एकच अंडे घालते. ते एक अंडे गेले म्हणजे त्या जोडीचे वर्ष गेले. अशा झाडावर यंत्र चढवावयाचे, त्याला वीज पुरवावयाची, ते बिघडले की पुन्हा माणसे चढवावयाची, हा सगळा उपद्व्याप कोणाच्या कल्याणासाठी? आणि एकदा घरटे प्रसिद्ध झाले की त्याचे झाड फार दिवस गुप्त राहत नाही. हौशी छायाचित्रकारांना पार्श्वभूमीच्या एका टेकडीवरून, नाल्याच्या एका वळणावरून ठिकाण ओळखावयास किती वेळ लागतो, हे अरण्यात वावरणाऱ्यांना विचारावे.

शिवाय ते अरण्य निर्मनुष्य नाही. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ साली जो गडचिरोली जिल्हा निर्माण झाला, तो महाराष्ट्रातील सर्वांत अधिक वनाच्छादित जिल्हा आहे. आणि त्या वनात माडिया, गोंड व इतर माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली आपल्या वनावर सामूहिक हक्क मिळाला; असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. वनातली गोष्ट ग्रामसभेला विचारून करावयाची, हा धडा त्या गावाने साऱ्या देशाला घालून दिला. मोहाच्या आणि तेंदूच्या हंगामात येथील स्त्रिया भल्या पहाटे रानात शिरतात. २०२५ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाने मारल्या. अशा जीवावरच्या रानात कॅमेरे काय करतात, याचे उत्तर कॉर्बेटच्या परिसरात मिळाले आहे. केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. वन्यप्राण्यांसाठी म्हणून लावलेल्या कॅमेऱ्यांची तेथे स्त्रियांवर पाळत झाली. एका स्त्रीचे अडचणीच्या वेळचे छायाचित्र गावभर फिरविले गेले. आणि आपल्याला कोणी पाहत-ऐकत आहे या धास्तीने स्त्रियांनी रानात गाणे, मोठ्याने बोलणे कमी केले. ज्या आवाजाने हिंस्र श्वापद दूर राहावयाचे तोच आवाज असा बंद पडला. घरट्याकडे तोंड केलेल्या भिंगाचा या बायांना काय उपसर्ग, असे कोणी म्हणेल. भिंगाचे तोंड कोणीकडे आहे, हे झाडाखालून जाणारीला दिसत नसते.

आता प्रतिपक्षाचे जे बलवत्तर म्हणणे आहे त्याचा विचार करू. ते म्हणतात, ‘कॅमेऱ्यामुळे गर्दी तरी टळेल. लोक घरी बसून पाहतील, जंगलात धुडगूस घालणार नाहीत.’ हे ऐकावयास गोड आहे. अनुभव मात्र उलट आहे. ताडोब्याच्या वाघिणींना नावे देऊन त्यांची छायाचित्रे व चलच्चित्रे घरोघर पोचविली गेली, त्याने पर्यटकांच्या गाड्यांची रांग कमी झाली काय? ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे गाड्यांच्या गराड्यात अडकले, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला आपण होऊन त्याची दखल घ्यावी लागली. त्या गाड्यांत बसलेल्यांनी वाघ कधी चित्रातही पाहिला नव्हता, असे कोणी म्हणणार आहे काय? पडद्यावर पाहिलेले प्रत्यक्ष पाहण्याची भूक पडद्यानेच वाढते. आणि ताडोब्यातील ‘माया’ वाघिणीचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. तिच्याइतकी पाहिली गेलेली वाघीण देशात क्वचितच असेल. ती २०२३ च्या ऑगस्टनंतर दिसेनाशी झाली. तिचे अवशेष हाती लागले ते नोव्हेंबरात, आणि ते तिचेच हे ठरवावयास जनुकीय तपासणी करावी लागली. एवढ्या डोळ्यांच्या पहाऱ्यातून ती निसटली कशी? कारण ते डोळे पहारा करीतच नव्हते. ते करमणूक करून घेत होते.

आमच्यावर यंत्रद्वेषाचा आरोप येईल, त्याचेही उत्तर देऊन ठेवतो. २०२४ च्या जानेवारीत हरियाणातील पिंजोरच्या प्रजननकेंद्रातून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडे ताडोब्यातील बोटेझरी येथे आणण्यात आली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून ऑगस्टमध्ये ती मोकळी सोडण्यात आली, आणि सोडण्यापूर्वी प्रत्येकाच्या पाठीवर संदेश पाठविणारे एक चिमुकले यंत्र बांधण्यात आले. त्यांतील एक गिधाड त्या वर्षअखेरीपर्यंत सुमारे चार हजार किलोमीटर भटकून तमिळनाडूत पोचल्याचे त्या यंत्रामुळेच कळले. हे यंत्र आम्हांस प्रिय आहे. ते कोणाची करमणूक करीत नाही. ते मुकाट्याने सांगते की, ताडोब्यात सोडलेल्या गिधाडाचे घर ताडोबा नव्हे, वाटेतला प्रत्येक गाव, प्रत्येक गोठा आणि प्रत्येक विजेची तार हे त्याचे घर आहे. जे यंत्र आपल्याला प्रश्न विचारते ते हवे. जे आपल्याला गोंजारून झोपविते त्याची वनात गरज नाही.

मग सुशिक्षित कुटुंबांनी करावे तरी काय? घरटे राखणारे लोक कोण, हे आधी ओळखावे. गडचिरोलीच्या वनखात्याने चामोर्शी तालुक्यातील कुनघाड्यासारख्या परिसरांत गिधाडांसाठी उपाहारगृहे उभारली. त्यांचे तत्त्व साधे आहे: गावकऱ्याने मेलेल्या जनावराची वर्दी द्यावयाची, त्याला घातक औषध टोचले नव्हते याची खात्री करून घ्यावयाची, आणि ते कुंपणाच्या आतील मोकळ्या जागी टाकावयाचे. या कामात दुर्गंधी आहे, उन्हाची पायपीट आहे; कॅमेऱ्याला दाखविता येईल असे सौंदर्य त्यात काडीमात्र नाही. तरीही एक नवे भिंग विकत घेण्यापेक्षा अशा एका कुंपणाची डागडुजी अधिक पुण्याची आहे. ज्या शेतकऱ्याच्या बांधावरच्या झाडावर घरटे आहे त्याला ते झाड न तोडण्याबद्दल वाजवी मोबदला नियमाने मिळावा, यासाठी आपल्या विधानसभेतील प्रतिनिधीला पत्र लिहावे. नागपूर, वर्धा, अमरावती येथे ज्यांची शेती व गुरे आहेत अशी सहस्रावधी कुटुंबे या मासिकाच्या वाचकवर्गासारखीच आहेत. त्यांनी आपल्या गुरांच्या डॉक्टरला एवढेच विचारावे की, ‘आपण हे कोणते औषध टोचीत आहात, आणि मेलॉक्सिकॅम का नाही?’ हा एक प्रश्न हजार गोठ्यांत विचारला गेला तर हजार घरट्यांवरच्या कॅमेऱ्यांनी होणार नाही एवढे काम होईल. आणि ज्यांस कॅमेराच हवा त्यांनी तो शहरात लावावा: आपल्याच इमारतीच्या कठड्यावर, आपल्याच आवारातील झाडावर, जेथे झाड तोडण्याचा ठराव आला तर उभे राहून विरोध करण्याची जबाबदारीही आपलीच असेल. वनात लावावयाचा असेल तर आधी ग्रामसभेची संमती घ्यावी, घरटे रिकामे असताना तो बसवावा, आणि चित्रण अभ्यासकांच्या हाती देऊन हंगाम उलटल्यावरच प्रसिद्ध करावे. या अटी ज्यांना जाचक वाटतील, त्यांचे प्रेम घरट्यावर किती आणि स्वतःच्या विरंगुळ्यावर किती, हे त्यांनी स्वतःशीच ठरवावे.

आपण आपल्या मुलांना जटायूची कथा सांगतो. त्या वृद्ध पक्ष्याने अन्याय होताना पाहिला आणि तो मध्ये पडला. पंख तुटले तरी पडला. तो नुसता पाहत राहिला असता तर रामायणाला त्याचे नाव घेण्याचे काहीच कारण नव्हते. त्याच्या वंशजांचे नाव घेणाऱ्या पिढीने निदान त्यांच्या मरणाच्या जागी, म्हणजे आपल्याच गोठ्यात आणि आपल्याच दुकानात, जाऊन उभे राहावे. मेलबर्नची जोडी येत्या हंगामातही अंडी घालील आणि आमचे मित्र ती पाहतील, खुशाल पाहोत. गडचिरोलीच्या झाडावरचे एकुलते एक पिलू मात्र त्यांनी पाहिले म्हणून वाचणार नाही. त्याच्या आईबापांना पुढच्या आठवड्यात कोणत्या जनावराचे मांस मिळते, यावर ते वाचेल. आणि ते मांस कसे असावे हे ठरविणे अद्याप आपल्या हाती आहे.